शेजाराचे व्याकरण : चाळीतून गृहसंकुलात

‘शेजारी’ हे रूप मराठीत दोन निराळी कामे करते. ‘ते आमचे शेजारी’ या वाक्यात ते नाम असून माणसाचा वाचक आहे. ‘तो माझ्या शेजारी बसला’ या वाक्यात ते ‘शेजार’ या शब्दाची सप्तमी असून केवळ जागेचा वाचक आहे. पहिल्याचे सामान्यरूप होते, ‘शेजाऱ्याला’, ‘शेजाऱ्याचे’ असे म्हणता येते. दुसऱ्याचे होत नाही. व्याकरणदृष्ट्या ही दोन रूपे वेगळी असली तरी कानाला ती एकच भासतात आणि बोलणाराही त्यांत भेद करीत नाही. त्यालाच जोडून ‘शेजारीपाजारी’ हा जोडशब्द येतो. त्यातील ‘पाजारी’ला स्वतंत्र अर्थ नाही, कोणी एखाद्या गृहस्थास नुसते ‘पाजारी’ म्हणत नाही. परंतु तो अर्थहीन प्रतिध्वनी जोडताच एका शेजाऱ्याचा समुदाय होतो, आणि मग ‘शेजारीपाजारी काय म्हणतील’ या प्रश्नातील दरारा निर्माण होतो. कोणत्याही एका शेजाऱ्याच्या अंगी हा दरारा नसतो.

शहरातील सहजीवन चाळीतून गृहसंकुलात गेले त्या वेळी या शब्दांचे व त्यांच्या भोवतीच्या बोलण्याचे काय झाले, हा येथील विषय आहे. घरांचा आकार, भाडे, मालकी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. जिन्यात, दारात व सभेत माणसे एकमेकांशी कोणत्या रूपांत बोलतात याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. विवेचनासाठी मुंबईचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे, कारण चाळ आणि संकुल या दोन्ही रचना तेथे आजही एकाच रस्त्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या सापडतात.

राहण्याच्या एककाचे नाव हा आरंभबिंदू धरणे सोयीचे आहे. वाडा व चाळ यांमध्ये माणसांची मोजणी ‘बिऱ्हाडां’नी होत असे : वाड्यात सहा बिऱ्हाडे, मजल्यावर दहा बिऱ्हाडे. बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे आणि कुटुंबही नव्हे. माणसे, चूल आणि सामानसुमान यांचा तो एकत्रित निर्देश आहे. बिऱ्हाड करतात, थाटतात, हलवितात, ‘बिऱ्हाडबाजले’ उचलतात, विंचवाचे बिऱ्हाड तर पाठीवरच असते. या सर्व प्रयोगांत स्थलांतराची कल्पना गृहीत आहे. गंमत अशी की, मुंबईतील बिऱ्हाडे कायद्यामुळे अचल झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी बव्हंशी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि भाडेकरूस घरातून काढणे अवघड झाले. परिणामी जे बिऱ्हाड दोन-चार वर्षांसाठी आले होते ते तीन-तीन पिढ्या तेथेच राहिले. शेजारही पिढीजात झाला. आजोबांचे भांडण नातवापर्यंत आणि आजीचे लोणच्याचे प्रमाण शेजारच्या नातसुनेपर्यंत पोहोचले. हल्लीच्या संकुलात ‘बिऱ्हाड’ ऐकू येत नाही. कागदावर ‘सदनिका’ किंवा ‘गाळा’ असतो, तोंडी ‘फ्लॅट’ असतो. यांपैकी एकाही शब्दात चूल नाही.

चाळीतील संबोधनांचा विचार केल्यास एक व्यवस्था स्पष्ट होते. मराठीतील नात्यांचे शब्द दोन प्रकारचे आहेत. ‘चुलता’, ‘दीर’, ‘सासरा’, ‘नणंद’ हे नाते सांगणारे शब्द असून त्यांनी हाक मारता येत नाही. ‘काका’, ‘भावजी’, ‘मामंजी’, ‘वन्सं’ हे हाकेचे शब्द होत. शेजाराने उसने घेतले ते या दुसऱ्या वर्गातून, आणि तेही निवडून. काका, काकू किंवा काकी, मावशी, मामा, वहिनी, भावजी, दादा, ताई, आजी, आजोबा एवढे शब्द सर्रास आढळतात. ‘आत्या’ मात्र जवळजवळ आढळत नाही. हा अपवाद विचार करण्याजोगा आहे. आत्या ही पित्याच्या कुळातील मुलगी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा. शिवाय मराठी समाजात मामाच्या मुलीशी विवाह अनेक जातींत मान्य आहे. त्या विवाहात मुलीची आत्या हीच तिची सासू होते आणि ‘आत्याबाई’ हे सासूचे संबोधन ठरते. नातेव्यवस्थेच्या दृष्टीने महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या मधला प्रदेश आहे, हे इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ च्या ग्रंथात दाखविलेच आहे. सारांश, आत्या या नात्याला मान, हक्क आणि सोयरिकीची शक्यता चिकटलेली आहे. शेजारणीला माया देता येते, कुळातील हक्क देता येत नाही. म्हणून तिला मावशी करतात, आत्या करीत नाहीत. ‘मामंजी’ व ‘वन्सं’ हे शब्दही याच कारणास्तव घराबाहेर पडले नसावेत.

नात्याच्या शब्दापूर्वी काय जोडले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. ‘जोशीकाकू’, ‘राणेकाका’ यांत आडनाव आहे. ‘सुमनताई’ यात नाव आहे. ‘पिंटूची आई’ यात अपत्याच्या द्वारे निर्देश आहे. आणि ‘तेरा नंबरवाल्या’ यात केवळ खोली आहे. या चार पायऱ्यांवरून परिचय किती दाट आहे ते कळते. शेवटचा प्रयोग पाठीमागे करावयाचा असतो, तोंडावर नव्हे. ‘काकू’ आणि ‘काकी’ यांतही सूक्ष्म अंतर आहे. पहिला शब्द देशावरच्या व पांढरपेशा घरांतून, दुसरा कोकणातील आणि गिरणगावातील घरांतून अधिक येतो. एका मजल्यावर दोन्ही शब्द वापरात असले तर कोणाला काकू म्हणायचे आणि कोणाला काकी, हे लहान मूल न शिकविता शिकते. चाळीचे गुणगान करताना हे विसरले जाते की, अनेक चाळी जात, गाव वा धंदा यांवरून वसलेल्या होत्या. नात्याचा शब्द सर्वांना मिळत असे, पण प्रत्येकाला सारखा मिळत नसे.

संकुलात ही यादी आखडली. ‘अंकल’ आणि ‘आंटी’ यांनी काका, मामा, काकू, मावशी या चौघांचे काम दोन शब्दांत आणले. शेजारी गुजराती, तमिळ वा हिंदी भाषक असेल तर ते सोयीचेही आहे, आणि त्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. खरा बदल दुसरीकडे झाला आहे. ‘मावशी’ हा शब्द संकुलात टिकला, पण मुख्यतः धुणीभांडी वा स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी. ती पंचविशीची असली आणि हाक मारणारी पन्नाशीची असली तरी ‘मावशी’. शेजारणीच्या संबोधनात आडनाव येते, हिच्या संबोधनात येत नाही. पुष्कळदा ते कोणाला ठाऊकच नसते. रोज घराच्या आतल्या खोलीपर्यंत येणाऱ्या माणसाला नाते दिले जाते आणि नाव दिले जात नाही. काही संकुलांत याच मावशींसाठी वेगळ्या उद्वाहकाची पाटीही लावलेली असते. शब्दाने जवळ घेणे व पाटीने दूर ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच तळमजल्यावर चालतात. आपुलकीच्या शब्दावरून आपुलकीचे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दाराविषयीची क्रियापदे या संदर्भात फार बोलकी आहेत. मराठीत दार उघडे टाकतात, लोटतात, लावतात, ओढून घेतात, कडी घालतात व कुलूप लावतात. यांतील ‘लोटणे’ म्हणजे फळ्या जवळ आणणे, पण आतून अडविणे नव्हे. चाळीत दिवसभर दार एक तर उघडे, नाही तर लोटलेले असे. दुपारी कडी लागली तर घरात कोणी आजारी आहे किंवा काही बिनसले आहे असा तर्क होई. लोटलेले दार म्हणजे ‘विचारून या’ असे न बोलता केलेले वाक्यच होते. सदनिकेच्या दाराला आपोआप बसणारे कुलूप असते. तेथे दार ‘ओढून घ्यावे’ लागते, आणि ओढले की ते बंदच होते. लोटलेल्या दाराची मधली अवस्था त्या कुलपाने नाहीशी केली. तिची भरपाई जाळीच्या बाहेरच्या दाराने काही अंशी होते : आतले लाकडी दार उघडे ठेवून जाळीचे बंद ठेवले की जुना अर्थ पुन्हा साधता येतो. मराठी वस्तीच्या इमारतींत संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी अशी दारे अजून दिसतात.

बीडीडी चाळींचे स्थलांतर हा या बदलाचा सर्वांत ठळक प्रसंग होय. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे एकूण २०७ इमारती बांधल्या. प्रत्येक इमारतीत तळमजला व वर तीन मजले. मजल्यावर मधोमध बोळासारखा मार्ग, त्याच्या दोन्ही अंगांस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. गिरगावातील चाळींच्या उघड्या गॅलरीप्रमाणे येथे कठड्याला टेकून रस्ता पाहता येत नसे. माणसे एकमेकांच्या दारातच पाहत. पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नवे घर ५०० चौरस फुटांचे, इमारत उंच मनोऱ्याची. स्वतःचे न्हाणीघर व शौचालय मिळाल्याने, विशेषतः स्त्रियांच्या, आयुष्यात जो फरक पडतो त्यापुढे लोटलेल्या दाराची हळहळ करणे उथळपणाचे ठरेल. तथापि भाषेच्या अभ्यासकाला येथे एक दुर्मीळ संधी आहे : तीच माणसे, तीच आडनावे, आणि बदललेली फक्त दारे. असे प्रसंग पुन्हा येत नाहीत आणि त्यांची नोंद पहिल्या चार-पाच वर्षांतच घ्यावी लागते.

देवघेवीच्या शब्दांत ‘उसने’ हा शब्द मराठीने नेमका राखला आहे. ‘कर्ज’ व्याजासह फेडायचे, ‘उधार’ दुकानदाराकडून आणायचे व पैसे मागाहून द्यायचे. ‘उसने’ घेतलेली वस्तू जशीच्या तशी, त्याच मापाने, व्याजाशिवाय परत करायची. वाटीभर साखर उसनी असते. विरजण मात्र उसने नसते. ते ‘मागून आणतात’, कारण ते परत करण्याची अपेक्षा नसते. आणि शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, असा संकेत आहे. या संकेतामुळे उसनवारीचा हिशेब कधीच पुरता मिटत नाही, आणि तो मिटू नये हाच त्यातील हेतू दिसतो. घरपोच किराणा दहा-पंधरा मिनिटांत येऊ लागल्यापासून साखरेची वाटी फिरेनाशी झाली. फराळाची ताटे, संक्रांतीचे वाण, गणपतीचा प्रसाद मात्र फिरतात. आणि ज्या घरात मृत्यू झाला तेथे शेजाऱ्यांनी पिठलेभात पाठविण्याची रीतही पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

सहजीवनात भांडणही येते. त्याचे वर्णन मराठी माणूस व्याकरणाच्या परिभाषेत करतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ‘प्रकरण एकेरीवर आले’ म्हणजे आदरार्थी बहुवचन सुटून एकवचन सुरू झाले. नळावर घागरींचा नंबर चुकल्यावर ‘अहो, आमची घागर आधी होती’ येथून आरंभ होई. ‘तू कोण सांगणारी?’ येथे सीमा ओलांडली जाई. शिवीगाळ त्यानंतरची. समेटाची खूणही व्याकरणातच असे. दोन-चार दिवसांच्या अबोल्यानंतर पहिले वाक्य बोलताना दोघी ‘अहो-जाहो’ टाळीत आणि ‘अगं-तुगं’ही टाळीत : ‘आज पाणी लवकर जाणार म्हणतात.’ कर्ता नाही, संबोधन नाही, आरोपही नाही.

कर्ता टाळण्याची ही युक्ती चाळीत प्रसंगोपात्त वापरली जाई. संकुलात तिला अधिकृत स्थान मिळाले. त्याचे कारण संस्थेच्या स्वरूपात आहे. सहकारी गृहनिर्माणाची परंपरा मुंबईत जुनी आहे. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची. परंतु १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा अधिनियम यांच्यानंतर ही रचना मध्यमवर्गीय शहरी जीवनाची सामान्य रीत बनली, आणि २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. खेड्यात ‘सोसायटी’ म्हटले म्हणजे पीककर्ज देणारी संस्था; शहरात त्याच शब्दाचा अर्थ इमारत, तिच्या आवारातील माणसे आणि तिची कार्यकारिणी असा तिहेरी झाला. चाळीत घरमालक नावाचा तिसरा पक्ष होता. छप्पर गळले, रंग उडाला, तर सर्व बिऱ्हाडे मिळून त्याला नावे ठेवीत. शेजाऱ्यांच्या एकीचे ते एक मोठे साधन होते. सोसायटीत मालक आणि शेजारी हे एकच. तक्रार कोणाकडे करावयाची? सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे राणेकाका.

अशा स्थितीत फलकावरील सूचनेची भाषा तयार झाली. तिचा नमुना सर्वपरिचित आहे : ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सामाईक जिन्यात पादत्राणे, सायकली वा कुंड्या ठेवू नयेत. तसे आढळल्यास सदर वस्तू हलविण्यात येतील.’ या मजकुरात चार क्रियारूपे असून एकाचाही कर्ता दिलेला नाही. कोण कळवितो, कोण ठेवतो, कोणास आढळते, कोण हलविणार, हे सर्व वाचणाऱ्यास ठाऊक असते. कारण जिन्यात कुंडी एकाच घराची असते. हेच चाळीत असे म्हटले जाई : ‘काकू, कुंडी जरा आत घ्या ना, पोरं धडपडतात.’ येथे संबोधन आहे, ‘जरा’ आहे, ‘ना’ आहे, कारण आहे, आणि दोष पोरांवर घातलेला आहे. दोन्ही वाक्यांचे काम एकच. पहिले वाक्य सरकारी कचेरीतून आले म्हणून रुक्ष, अशी टीका केली जाते. ती अपुरी आहे. ज्याला उद्या सकाळी उद्वाहकात त्याच काकूंना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे आहे त्याला कर्तृत्वहीन क्रियापद हे एक संरक्षण आहे. अलीकडे फलकाची जागा भ्रमणध्वनीवरील सामाईक गटाने घेतली, तेव्हा हे संरक्षण पातळ झाले. तेथे सूचनेच्या माथ्यावर धाडणाऱ्याचे नाव आपोआप छापले जाते.

सर्वांत रोचक वर्तन मात्र ‘आपण’ या सर्वनामाचे आहे. मराठीत प्रथमपुरुषी बहुवचन दोन : ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. हिंदी ‘हम’ किंवा इंग्रजी ‘वी’ यांत हा भेद नाही. द्राविडी भाषांत आहे आणि गुजरातीतही आहे. ‘आपली चाळ’ आणि ‘आमची चाळ’ यांतील फरक बाहेरच्या माणसापुढे उभे राहिले की तत्काळ कळतो. सोसायटीची वार्षिक सभा, जी नियमाप्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाची असते, तिच्यात या दोन सर्वनामांची चढाओढ ऐकावी. अध्यक्षांचा आरंभ ‘आपण यंदा रंग काढू या’ असा असतो. तळमजल्यावरच्यांचे उत्तर ‘आम्ही उद्वाहक वापरत नाही, मग आम्ही त्याचे पैसे का भरावेत?’ असे येते. खर्चाचा एखादा विषय संमत होणार की नाही, हे मतदानाच्या आधी सर्वनामांवरून ओळखता येते.

पण ‘आपण’ला आणखी एक अर्थ आहे : अत्यंत आदराचा ‘तुम्ही’. सभेत सर्वांना कवेत घेणारा शब्द थकबाकीच्या पत्रात असा येतो : ‘आपण गेल्या सहा महिन्यांचे देखभाल शुल्क भरलेले नाही.’ येथील ‘आपण’मध्ये लिहिणारा नाही. शब्द तोच, आदर वाढलेला, आणि वाचणारा मात्र समुदायाबाहेर उभा केलेला. एकेरीवर येऊन जे अंतर चाळीत पडे ते येथे आदराच्या शिखरावरून पडते. ज्यांना असे पत्र आले आहे त्यांना त्यातील ‘आपण’ कसा टोचतो हे सांगावे लागत नाही. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हातात तो कागद पडतो तेव्हा रकमेइतकाच त्या सर्वनामाचाही भार असतो.

राहता राहिले ‘वरचे’ आणि ‘खालचे’. चाळीतही मजले होते, परंतु गाठीभेटी गॅलरीच्या, म्हणजे आडव्या दिशेने होत. ‘शेजारी’ या शब्दाची मूळ जागा तीच. संकुलात एका मजल्यावर चार दारे आणि ती बंद. उलट डोक्यावर व पायाखाली मात्र एकेक घर अटळपणे असते. ते दिसत नाही, ऐकू येते : रात्री सरकविलेली खुर्ची, पहाटेचा मिक्सर, मुलाचा चेंडू. आणि मग पाणी येते. वरच्यांच्या न्हाणीघरातून खालच्यांच्या छतावर उमटणारा ओलावा हा संकुलातील शेजाराचा सर्वांत मोठा कसोटीचा प्रसंग होय. त्याची दुरुस्ती वरच्या घरात शिरून करावी लागते; नुकसान एकाचे, फरशी दुसऱ्याची फुटायची. ‘तुमचे पाणी आमच्याकडे येते’ या वाक्यात पाण्यालाही मालक मिळतो.

अशा वेळी दोन्ही व्याकरणे एकदमच कामास लागतात. खालचे अर्ज देतात. समिती ठराव करते. वरच्यांना पत्र जाते : ‘आपल्या सदनिकेतून होणारी गळती पंधरा दिवसांत दुरुस्त करून घेण्यात यावी.’ त्याच संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः जिना चढून जातात, घंटा वाजवितात, जाळीच्या दाराआडून म्हणतात : ‘काकू, ते पत्र मनावर घेऊ नका हं. द्यावं लागतं. प्लंबर उद्या आणू का?’ ‘द्यावं लागतं’ याही प्रयोगात कर्ता नाही. परंतु पत्रातील कर्ता लपलेला होता, आणि येथे तो दारात उभा आहे.